चारच रोपं : ओटावाच्या तळघरातून अंगणापर्यंत

मार्च उजाडला की ओटावातल्या आमच्या बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमॅटो, मिरच्या, वांग्यांची रोपं कधी टाकायची याची चर्चा रंगते. यंदा त्याच दिवसांत तीन-चार जणांनी मला वेगळा मेसेज करून गांजाच्या रोपांबद्दल विचारलं. ग्रुपवर उघडपणे कुणीच विचारलं नाही, आणि त्यामागचा संकोच मला नीट कळतो. कायद्याने परवानगी असूनही आपल्या लोकांत हा शब्द उच्चारताना आवाज खाली येतो. मलाही हे सगळं सुरू करताना मराठीत कुठे काही लिहिलेलं सापडलं नव्हतं. आता रोपं अंगणात रुजली आहेत, तेव्हा सुरुवातीपासून काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

आधी एक स्पष्ट सांगते. हे सगळं कॅनडातल्या ओंटारियो प्रांताबद्दल आहे. भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे, एक झाड असलं तरी. महाराष्ट्रातल्या कुणी हे वाचून कुंडीत बी टाकू नये.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला घरी गांजाची झाडं लावता येतात. ओंटारियोत त्यासाठी वय १९ पूर्ण लागतं. मर्यादा चार झाडांची, आणि ती माणशी नाही, घरटी आहे. नवरा-बायको दोघे सज्ञान म्हणून आठ लावू, असं चालत नाही. नर झाडही मोजलं जातं. बोटभर उंचीचं रोपही मी झाड म्हणूनच धरलं, कारण कायद्यात ‘एका वेळी चारपेक्षा जास्त झाडं वाढवायची नाहीत’ असं आहे आणि रोप म्हणजे वाढतं झाडच. ओटावाकरांसाठी आणखी एक गोष्ट: नदीपलीकडे गॅटिनोत, म्हणजे क्विबेक प्रांतात, घरी एकही झाड लावता येत नाही. तिथली बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये वैध ठरवली. पूल ओलांडला की नियम बदलतो, म्हणून तिकडच्या मैत्रिणीला रोप किंवा फांदी भेट द्यायची नाही.

आम्ही याच्यामागे का लागलो ते थोडक्यात सांगते. माझ्या नवऱ्याची पाठदुखी जुनी आहे. रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांशी बोलून, आपली बाकीची औषधं त्यांना दाखवून, तो अधूनमधून दुकानातून घेतलेलं गांजाचं तेल वापरतो. त्याचा महिन्याचा खर्च आम्हाला जाणवायला लागला होता. मी नारायणगावच्या बाजूची, टोमॅटोच्या रोपवाटिका बघत वाढलेली. रोप वाढवणं मला येतं, मग हेही शिकू, असं वाटलं. मात्र या झाडाने त्याची पाठ बरी होईल असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही औषधाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

खरी धास्ती मातीची नव्हती, कागदाची होती. आम्ही भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो आणि ते एका कॉन्डो कॉर्पोरेशनखाली, म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारख्या संस्थेखाली, येतं. म्हणजे घरमालक एक आणि कॉन्डोचं मंडळ दुसरं. ओंटारियोच्या ठरावीक भाडेकरारात धूम्रपानाचं कलम आहे, त्यात गांजा ओढण्याबद्दल येतं. लावण्याबद्दल घरमालक जोडपत्रात वेगळी अट घालू शकतो. आमच्या जोडपत्रात काहीच नव्हतं. काही लिहिलेलं नाही म्हणजे चालतं, असा अर्थ काढायची माझी तयारी नव्हती. शेवटी घर दुसऱ्याचं.

जानेवारीच्या मध्यात घरमालकांना ईमेल केली. त्यांचा लगेच फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती: भिंतींना ओल येईल का, बुरशी धरेल का, वायरिंगला हात लावणार का, वास येईल का. प्रश्न रास्त होते. मी एक पानभर लिहून पाठवलं. तळघरात एकच शंभर वॅटचा एलईडी दिवा, साध्या प्लगवर. चार छोट्या कुंड्या, एक टेबलफॅन. मेअखेर सगळं बाहेर. अंगणात खणायचं नाही, कापडी कुंड्यांतच लावायचं. फुलोरा येईल तेव्हा झाडं घरात नसतील. या पानाने काम झालं. ते म्हणाले, माझी हरकत नाही, पण कॉन्डोकडून लेखी आणा.

कॉन्डोच्या ऑफिसात फेब्रुवारीचा बराचसा भाग गेला. आमचं मागचं अंगण वापरायला फक्त आमचं असलं तरी कागदोपत्री सामाईक जागेत मोडतं, त्यामुळे प्रश्न मॅनेजरकडून मंडळाच्या बैठकीत गेला. बैठक महिन्यातून एकदाच. उत्तर आलं तेव्हा अटी होत्या: कुंपणाच्या आत, कुंड्यांत, समोरच्या बाजूला नाही, आणि वासाची तक्रार आली तर पुन्हा बोलायचं. मी ती ईमेल घरमालकांना पाठवली, त्यांचं ‘मंजूर’ आलं, आणि दोन्ही छापून भाडेकराराच्या फाइलला लावल्या. फोनवर मिळालेल्या होकाराला सहा महिन्यांनी काही किंमत उरत नाही, विशेषतः मॅनेजर बदलला तर. भाडेकरूच्या विम्याबद्दलही ब्रोकरला लेखी विचारलं. कायद्याच्या मर्यादेत असेल तर आमच्या पॉलिसीत फरक पडत नाही असं उत्तर मिळालं. तुमच्या पॉलिसीत वेगळं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या.

बहुतेकांनी मला विचारलेला प्रश्न पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याचा, होता. चार झाडांच्या आत, कायदेशीर बियांपासून, सज्ञान माणसाने लावलं तर तो गुन्हाच नाही. पण मर्यादा ओलांडून लागवड केली तर कॅनडाच्या कायद्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, आणि दहा वर्षं किंवा जास्त कमाल शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पीआरधारकाचा इथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. त्यामुळे ‘एक जास्तीचं रोप असलं तर कोण बघतंय’ हा विचार आपल्यासारख्यांनी करूच नये. दुसरं म्हणजे सीमा. गांजा, बी, पान, तेल, काहीही कॅनडाच्या बाहेर नेणं किंवा आत आणणं गुन्हा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून बेकायदाच आहे. आम्ही बागेचे हातमोजे आणि कात्री गाडीत ठेवत नाही, कारण याच गाडीने आम्ही सीमेपलीकडे जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिया मागवल्या. कायद्याने बीसुद्धा परवानाधारक ठिकाणाहूनच घ्यायचं असतं. ओंटारियोत सरकारी ऑनलाइन दुकान आहे, ओसीएस, आणि परवानाधारक दुकानंही आहेत. मी ऑनलाइन घेतल्या. चार बियांचं पाकीट ४५ डॉलरच्या आसपास, वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. पार्सल घ्यायला ओळखपत्र दाखवून सही करावी लागते, दारात ठेवून जात नाहीत. सही करताना माझे हात गार पडले होते. सगळं कायदेशीर आहे हे डोक्याला माहीत होतं, पण लहानपणापासून मनात बसलेली भीती एका सहीने जात नाही. पावती मी त्याच फाइलला लावली.

बिया निवडताना दोन गोष्टी बघा. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात आणि फुलं मादीची कामाची. ‘फेमिनाइज्ड’ लिहिलेल्या बियांतून जवळजवळ सगळी मादी झाडं येतात. साध्या बियांतून निम्मी नर निघू शकतात, आणि चारच्या मर्यादेत ते परवडत नाही. दुसरी गोष्ट ‘ऑटोफ्लॉवर’. ही जात दिवस-रात्रीच्या लांबीकडे न बघता वयानुसार फुलते. तिला पुन्हा पुन्हा कुंडी बदललेली मानवत नाही, कारण मुळं दुखावली तर सावरायला तिच्याकडे वेळच नसतो. घरात रोप करून बाहेर न्यायचं असेल तर माझं मत साध्या, दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या जातीच्या बाजूने आहे.

टोमॅटोची चार झाडं हवी असली तर मी दहा बिया टाकते आणि धट्टीकट्टी चार ठेवते. इथे तसं करता येत नाही. चार हवी असतील तर चारच पेरायची, आणि एक मेलं तर तीनवर समाधान मानायचं किंवा नवं बी टाकून मागे पडायचं. या एका नियमामुळे सगळं कामच बदलतं. इथे निवड नाही, जपणूक आहे. त्यामुळे नेहमी मी जिथे घाई करते तिथे थांबायला लागलं, आणि जो खर्च टाळते तो काही ठिकाणी केला.

कोणता खर्च केला? एलईडी दिवा सुमारे १२० डॉलर, टायमर १५, कुंड्यांखाली ठेवायची गरम चटई २५ च्या आसपास, एक थर्मामीटर. तंबू घेतला नाही. सहा-सात आठवड्यांच्या रोपांसाठी तंबू म्हणजे उगाच पैसे घालवणं आहे. बाहेरच्या कापडी कुंड्या आणि माती धरून सगळं ३५० डॉलरच्या आत बसलं, बिया वेगळ्या.

पेरणी कधी करायची यावर मी बराच विचार केला. ओटावात व्हिक्टोरिया डेच्या, म्हणजे मेमधल्या सरकारी सुट्टीच्या, आधी नाजूक रोप बाहेर लावायचं नाही, हे इथला प्रत्येक माळी सांगतो. यंदा, २०२५ मध्ये, तो १९ मे रोजी होता. तिथून मागे मोजलं तर एप्रिलची सुरुवात येते. फेब्रुवारीत पेरणारे लोक आहेत, पण मग मेपर्यंत तळघरात कमरेएवढी झाडं होतात आणि दिवा पुरत नाही. गुढीपाडवा ३० मार्चला होता. पाडव्याला गुढीजवळ बियांचं पाकीट ठेवलं, आणि त्याच आठवड्यात बिया ओल्या केल्या.

ओल्या टिश्यूच्या दोन थरांत बिया, वर ताटली झाकून, गरम चटईवर. तापमान २४-२५ अंश राहील एवढं बघायचं. टिश्यू ओला हवा, पिळला तर पाणी गळेल इतका नको. दोन-तीन दिवसांत तीन बियांना पांढरा कोंब फुटला. चौथी हलेना. फोडून बघायचा मोह आवरला, आणि तिनेही नंतर डोकं वर काढलं. कोंब अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की तो खाली करून, साधारण एक सेंटिमीटर खोल, छोट्या कुंडीत. कोंबाला बोट लावू नका, बी चिमट्यात हलकं धरा. माती म्हणून रोपांसाठी मिळतं ते खत नसलेलं हलकं मिश्रण. बागेतली माती नको, तिच्यातून बुरशी येते.

वर आलेली पहिली दोन दलं गोल असतात, ती खरी पानं नव्हेत. त्यानंतरची पहिली खरी जोडी एकेका पात्याची, कडेला दाते असलेली. पुढची तीन पात्यांची, मग पाच. पाच पात्यांचं पान आलं तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने ते ओळखलं. हे झाड त्याने टी-शर्टवर बघितलं होतं. आम्ही त्याला खरं सांगितलं: हे मोठ्या माणसांचं झाड आहे, बाबांच्या पाठीसाठी, लहानांनी हात लावायचा नाही आणि तोंडात तर अजिबात घालायचं नाही. शाळेत विषय निघाला तर खोटं बोलू नकोस, पण स्वतःहून सांगत बसायचीही गरज नाही. तळघरातल्या त्या खोलीला कुलूप लावलं. घरात मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर कुलपाचा खर्च पहिला करा.

दिव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रोपं इथेच बिघडतात. दिवा लांब असला की रोप उजेडाकडे ताणत जातं, काटकुळं होतं आणि मान टाकतं. फार जवळ असला की पानाची कड करपते. मी दिवा साधारण दोन फुटांवर, मंद करून सुरू केला आणि रोपं दणकट दिसतील तसा वाढवत नेला. दिवसातून अठरा तास उजेड, सहा तास अंधार. अंधाराचे तास मी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ ठेवले. त्याला कारण आहे. ओंटारियोत वेळेनुसार दर असणारं वीजबिल संध्याकाळी ७ ते सकाळी ७ सगळ्यात स्वस्त असतं, आणि मेपासून सगळ्यात महाग वेळ नेमकी ११ ते ५. शिवाय तळघर रात्री गार पडतं, तेव्हा दिव्याची ऊब कामी येते. शंभर वॅटचा दिवा अठरा तास म्हणजे दिवसाला १.८ युनिट. बिलात फारसा फरक जाणवत नाही.

पाण्याच्या बाबतीत बाबांचा उपयोग झाला. व्हिडिओ कॉलवर त्यांना रोपं दाखवायची की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. शेवटी एका रविवारी कॅमेरा तिकडे वळवला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कागदपत्रं सगळी नीट आहेत ना?”

“आहेत बाबा. लेखी परवानगी आहे.”

“मग मला कुंडी जवळून दाखव. अगं, माती किती काळी दिसतेय! एवढं पाणी नको घालूस. वाफसा येऊ दे. रोप पाण्याने मरतं, तहानेने क्वचित.”

आईने फक्त विचारलं, “त्याची पाठ कशी आहे?” त्या दिवशी माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

बाबांचं म्हणणं बरोबर होतं. छोटी रोपं कोलमडतात ती बहुतेक जास्त ओलीने. खोड जमिनीलगत बारीक, पाणचट होतं आणि रोप आडवं पडतं, मग ते वाचत नाही. चारच असताना हे परवडणार नाही. मी कुंडी उचलून वजनावरून पाणी ठरवायला लागले. हलकी लागली की खालच्या ताटलीत पाणी, कुंडीने शोषलं की उरलेलं ओतून टाकायचं. वरची माती कोरडी राहिली की चिलटंही कमी होतात; उरलेल्यांसाठी पिवळे चिकट कागद. टेबलफॅन हलका, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा फिरते आणि खोडंही जाड होतात. ओटावाचं नळाचं पाणी मृदू आहे पण त्याचा पीएच ९ च्या वर असतो आणि त्यात जंतू मारण्यासाठी घातलेलं क्लोरामाइन असतं, जे रात्रभर बादलीत ठेवून उडत नाही. मी एप्रिलमधलं पावसाचं पाणी साठवून वापरलं. रोपांनी ते छान घेतलं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, एप्रिल संपता संपता, रोपं एक गॅलनच्या कुंड्यांत हलवली. मुळं कुंडीच्या कडेला दिसायला लागली की वेळ झाली असं समजा. मातीचा गड्डा न मोडता, पानं धरून नव्हे तर गड्डा धरून. तिथपासून हलकं सेंद्रिय खत सुरू केलं, पुड्यावर लिहिलेल्याच्या निम्म्या प्रमाणात.

आता बाहेर नेण्याचं. मला सगळ्यात जास्त अभ्यास इथे करावा लागला. थंडीचा विचार सगळेच करतात, उजेडाच्या तासांचा फार थोडे. गांजा हे शेवंतीच्या जातकुळीने वागणारं झाड आहे: रात्र लांब झाली की फुलायला लागतं. आपल्याकडे पॉलिहाउसमधले शेवंतीवाले रात्री दिवे लावतात ते याचसाठी, रोप लवकर फुलू नये म्हणून. घरात अठरा तास उजेडात वाढलेलं रोप एप्रिलअखेर एकदम बाहेर ठेवलं तर त्याला दिवस चौदा तासांच्या आसपासच मिळतो. रोपाला वाटतं उन्हाळा संपत आला, आणि ते फुलू लागतं. मग जूनमध्ये दिवस मोठा झाला की पुन्हा पानांकडे वळतं, आणि या गोंधळात कित्येक आठवडे जातात. ओटावात २० मेच्या सुमारास दिवस पंधरा तासांचा होतो, २१ जूनला पंधरा तास चाळीस मिनिटांच्या जवळ. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापासून मी टायमर हळूहळू अठरावरून सोळा तासांवर आणला. बाहेर आणि आत यांतलं अंतर जितकं कमी, तितकं बरं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाची सवय लावणं सुरू केलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. पहिल्यांदा घराच्या सावलीत, वारा नसताना, तासभर. मग थोडं जास्त. मग सकाळचं कोवळं ऊन. दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. दिव्याखालचं पान बाहेरच्या उन्हात एका दुपारीत पांढुरकं पडतं आणि ते पुन्हा हिरवं होत नाही. संध्याकाळी कुंड्या आत, दिव्याखाली, सोळा तास पूर्ण होईपर्यंत. मी घरून काम करते म्हणून जमलं. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारला सुरुवात करावी आणि मधले दिवस सावलीची जागा निवडावी.

व्हिक्टोरिया डे आला. शेजारी टोमॅटो लावत होते. मी अंदाज बघितला. पुढचा आठवडा गार आणि पावसाळी दिसत होता. दंव पडणार नव्हतं, तरी रात्रीचं तापमान दहाच्या खाली. या रोपाला रात्री दहा अंशांच्या वर तापमान लागतं, नाहीतर वाढ अडते आणि पानं जांभळट होतात. नवरा म्हणाला, “सगळे लावतायत, आपण कशाला थांबायचं?” आम्ही थांबलो. त्या आठवड्यात थंड पाऊस झाला. कुंड्या तळघरातच होत्या.

मे संपताना रात्री बऱ्यापैकी उबदार झाल्या आणि रोपं बाहेरच्या कुंड्यांत गेली. पंधरा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५७ लिटरच्या, कापडी कुंड्या. ओटावातली माती जड चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे परवानगी असती तरी मी जमिनीत लावलं नसतं. कुंडीत माती, कंपोस्ट, थोडं गांडूळखत. ढगाळ संध्याकाळ निवडली. पहिली पानं मातीच्या जरा वर राहतील इतपत खोल लावली आणि लगेच काठीचा आधार दिला. कुंड्यांभोवती कोंबडीची जाळी, कारण आमच्याकडे ससे आणि ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, रोपं खाणारा प्राणी) दोन्ही येतात आणि खारींना नव्या मातीत उकरायला आवडतं. जाळीबाहेर वालाचे वेल लावले, म्हणजे पलीकडून आत दिसत नाही. ओंटारियोत झाडं दिसू नयेत असा नियम नाही, पण चोरी होते आणि पोरं कुतूहलाने येतात. फाटकाला कुलूप आहेच.

लावल्यावर पहिले काही दिवस पानं मलूल होती. खत न घालता, जास्त पाणी न घालता थांबायचं. वटपौर्णिमेच्या सुमारास, १० जूनला, शेंड्याला नवी, चकचकीत हिरवी पानं दिसली. चारही झाडांना. मी फाइलमध्ये तारीख लिहून ठेवली आणि बाबांना फोटो पाठवला.

आता जुलै आहे. झाडं माझ्या कमरेच्या वर गेली आहेत. ऑगस्टमध्ये दिवस साडेचौदा तासांच्या खाली जाईल तसा फुलोरा सुरू होईल, आणि वास तेव्हाच सुटेल. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे आणि माझा नंबर दिला आहे, म्हणजे त्रास झाला तर ते कॉन्डोच्या ऑफिसाआधी मला फोन करतील. मेसेज करणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, सप्टेंबरच्या ओल्या दिवसांत फुलांना बुरशी धरते त्याचं काय. त्यासाठी खालच्या फांद्या आत्ताच विरळ करायला घेतल्या आहेत. ज्यांना यंदा उशीर झाला त्यांनी घरमालकाला ईमेल मात्र आत्ताच करावी. कॉन्डोच्या बैठका उन्हाळ्यात कमी होतात, आणि उत्तर हातात यायला नोव्हेंबर उजाडू शकतो.